दारावरची पाटी आणि दाराचे कुलूप

(ग्रंथालयसेवकांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेले व्याख्यान)



कोणाला काय पाहू द्यावे हा प्रश्न आपल्या व्यवसायात नवा नाही. मध्ययुगीन युरोपातील कित्येक ग्रंथालयांत ग्रंथ साखळीने फळीला जखडलेले असत. आपल्याकडे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली ती या साखळीच्या अगदी विरुद्ध टोकाची होत. वाचकाने स्वतः कपाटाशी जावे, ग्रंथ हाताळून पाहावेत, असा त्यांचा आग्रह होता. तथापि कपाटे खुली करणारा ग्रंथपालही सभासदांची नोंदवही वाचनकक्षाच्या मेजावर पसरून ठेवत नाही. हातच्या वस्तूंच्या बाबतीत असलेला हा विवेक संकेतस्थळाच्या बाबतीत कसा सुटतो, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या एका गावातील वाचनालयाचे संकेतस्थळ उभारण्याच्या कामी मी मदत करीत होतो. ग्रंथसूची, जुनी कात्रणे, कार्यक्रमांची छायाचित्रे असा सारा मजकूर त्यावर चढविला. कार्यालयाच्या सोयीसाठी सभासदांची यादीही एका फोल्डरमध्ये ठेवली. तीत नाव, पत्ता, दूरध्वनी आणि थकलेली वर्गणी एवढ्या गोष्टी होत्या. ही यादी शोधयंत्रात येऊ नये म्हणून ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या फाइलीत मी त्या फोल्डरचे नाव घालून मनाई लिहिली आणि निर्धास्त झालो. चार महिन्यांनी एक वृद्ध सभासद बाई यादीचे छापील पान घेऊन वाचनालयात आल्या. त्यांच्या वाड्यातील एका कॉलेजातल्या मुलाने ते काढून दिले होते. “माझी वर्गणी थकली हे साऱ्या वाड्याला कशाला कळायला हवं?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या मुलाला फोल्डरचा पत्ता कोणी दिला? मीच. मनाईची ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते, ही गोष्ट मी विसरलो होतो.

ही फाइल मुळात कशासाठी निघाली ते पाहू. १९९३-९४ च्या सुमारास जागतिक जाळे अगदी लहान होते, आणि त्यात दुव्यामागून दुवा धरीत पाने गोळा करणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली फिरू लागल्या होत्या. त्यांना क्रॉलर किंवा रोबॉट म्हणतात. त्यांतील काही इतक्या घाईने पाने मागत की त्या काळचे दुबळे सर्व्हर त्यांच्या भाराने कोलमडत. मार्टिन कोस्टर या संगणकतज्ज्ञाने १९९४ मध्ये तोडगा सुचविला: प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशी, ठराविक नावाची एक साधी मजकुराची फाइल असावी, क्रॉलरने आधी ती वाचावी आणि जेथे जाऊ नये असे लिहिले असेल तेथे जाऊ नये. क्रॉलर लिहिणाऱ्यांनी त्याच वर्षी ही गोष्ट आपसांत मान्य केली. औपचारिक मानक म्हणून मात्र ती २०२२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. मधली अठ्ठावीस वर्षे हा सारा व्यवहार केवळ सभ्यतेवर चालला होता, आणि आश्चर्य म्हणजे बऱ्यापैकी चालला!

फाइलीची भाषा सोपी आहे. एका ओळीत क्रॉलरचे नाव, म्हणजे ‘यूजर-एजंट’. पुढील ओळींत ‘डिसअलाऊ’ या शब्दापुढे वर्ज्य मार्ग. नावाच्या जागी तारका घातली की ती आज्ञा सर्वांना लागू होते. मार्गाच्या जागी नुसती एक तिरकी रेघ दिली तर संपूर्ण संकेतस्थळ वर्ज्य ठरते. जागा रिकामी सोडली तर काहीच वर्ज्य नसते. या एका रेघेच्या चुकीने संकेतस्थळेच्या संकेतस्थळे शोधयंत्रांतून दिसेनाशी होऊ शकतात. आणखी एक लक्षात ठेवावयास हवे. मार्ग हा आरंभापासून जुळविला जातो. ‘यादी’ एवढेच लिहिले तर ‘यादी’ने सुरू होणारे सारेच मार्ग त्यात येतात. अनुज्ञा आणि मनाई एकाच मार्गाला लागू पडत असतील तर अधिक लांब जुळणारा नियम मानावा, असे मानक सांगते.

हे नियम प्रवेशाचा अधिकार देणारे किंवा नाकारणारे नव्हेत, हेही मानकातच नमूद आहे. ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य पाहुणा पाटी वाचून परततो. ज्याला आतच जावयाचे आहे त्याला पाटीवरूनच कळते की आत काहीतरी आहे.

येथे एक विपरीत गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अनुभवी माणसेही तिला फसतात. क्रॉलरला एखादे पान वाचण्यास मनाई केली तरी त्या पानाचा पत्ता शोधयंत्राच्या निकालात येऊ शकतो. अन्य कोणी त्या पानाकडे दुवा दिला असला की पुरे. पान निकालात मुळीच येऊ नये असे वाटत असेल तर पानाच्या शीर्षभागात किंवा सर्व्हरच्या उत्तरात ‘नोइंडेक्स’ ही सूचना द्यावी लागते. परंतु ती सूचना वाचण्यासाठी क्रॉलरला पानापर्यंत येऊ दिले पाहिजे! दोन्ही उपाय एकदम योजणारा मनुष्य दार बंद करून दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो. गुगलने २०१९ च्या सप्टेंबरपासून रोबॉट्स फाइलीत लिहिलेली ‘नोइंडेक्स’ ओळ मानणे बंद केले, तेव्हा पुष्कळांना हा भेद प्रथमच उमगला.

पाटी लांबलचक असली की लोक संशय घेतात, हेही खरे. २००९ च्या २० जानेवारीला अमेरिकेत सत्तांतर झाले. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील रोबॉट्स फाइलीत तोवर दोन हजारांहून अधिक ओळी होत्या. त्या एका दिवसात दोनवर आल्या, आणि पारदर्शकतेचे नवे युग अवतरले म्हणून कौतुक झाले. वस्तुतः जुन्या ओळींपैकी बऱ्याचशा त्याच पानांच्या चित्रविरहित प्रतींसाठी होत्या. त्यात लपविण्यासारखे फारसे नव्हते.

मग कुलूप कोणते? ते सर्व्हरकडे असते. अपाचे या प्रचलित सर्व्हरवर फोल्डरमध्ये ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाइल ठेवून सांगता येते की येथे परवलीचा शब्द विचारावा, किंवा अमुक पत्त्यांवरूनच प्रवेश द्यावा. ओळख न पटलेल्यास सर्व्हर ४०१ हा संकेतांक देतो. सरसकट मनाई असल्यास ४०३. परवलीच्या शब्दांची फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवावी. साध्या पद्धतीत हा शब्द सांकेतिक रूपात जातो, पण गुप्त रूपात नव्हे, म्हणून ‘एचटीटीपीएस’ची सुरक्षित वाहिनी हवीच. आणि ज्या फोल्डरमध्ये मुखपान नाही त्यातील फाइलींची यादी सर्व्हर आपण होऊन दाखवू शकतो. ती सोय बंद करावी. मी तीही बंद केली नव्हती. मुलाला फाइलीचे नावसुद्धा ओळखावे लागले नाही.

सभ्यतेचा करार कोठवर टिकेल, याविषयी मला शंका आहे. ईबे या लिलावसंस्थेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या एका कंपनीचा क्रॉलर दिवसाला सुमारे एक लाख वेळा येत असे. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने त्याला तात्पुरती मनाई केली, पण ती पाटीच्या आधारे नव्हे, तर ईबेच्या यंत्रांवर, म्हणजे मालमत्तेवर, झालेल्या अतिक्रमणाच्या आधारे. २०२३ पासून भाषिक प्रतिमाने घडविण्यासाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर आले आहेत. त्यांतील काही आपले नाव सांगतात आणि पाटी मानतात. नाव बदलून येणाऱ्याला पाटीने ओळखता येत नाही. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीवाचून शिरणे व माहिती उतरवून घेणे यांसाठी भरपाईची तरतूद आहे. परंतु ज्या फोल्डरचे दार मीच सताड उघडे ठेवले, त्याच्याबद्दल त्या मुलावर बोट रोखण्याचा धीर मला तरी झाला नसता.

वाचनालयात त्या दिवशी सायंकाळी आम्ही यादीला परवलीचा शब्द लावला. मग ग्रंथपालांनीच विचारले, ही यादी येथे हवीच कशाला? दोघांनाही उत्तर सुचले नाही. यादी सर्व्हरवरून काढून टाकली आणि कार्यालयातील संगणकावर ठेवली. रोबॉट्स फाइलीत आता एकच मनाई उरली आहे, ग्रंथसूचीतील शोधाच्या निकालांच्या पानांसाठी. तेथे क्रॉलर शिरला तर शोधामागून शोध करीत फिरत राहतो, आणि वाचकाला सूची मिळेनाशी होते.

बाई पुढच्या आठवड्यात वर्गणी भरावयास आल्या. पावती त्यांनी हाताने लिहून मागितली आणि वहीत नोंद होईपर्यंत मेजापाशी उभ्या राहिल्या.