मिलमध्ये राबणाऱ्या माणसालाही कापडावर जागा द्या



 पारशिवनीच्या शेजारी रामटेक, तालुक्यातून वाहणारी पेंच आणि कन्हानकडे कोळशाच्या खाणी, असा हा आमचा मुलूख. नागपूरकर आमच्या नवेगाव खैरीच्या धरणाचे पाणी पितात, आणि कापूस तर आमच्या शेतात आजही पिकतो.

उद्योगाच्या आठवणी जपणारे छापील कापड, हा आपल्या संमेलनाचा विषय. भारतीय छिटाने युरोपला असे वेड लावले, की फ्रान्सने 1686 पासून 1759 पर्यंत त्यावर बंदी घातली. बंदी उठल्यावर झुई गावात ओबेरकांफ यांनी छपाईचा कारखाना काढला. 1783 मध्ये त्याला राजमान्यता मिळाली. त्याप्रीत्यर्थ चित्रकार युए यांनी एक कापड रेखाटले. त्यावर नदीत कापड धुणारे, कुरणावर ते वाळत घालणारे, ठसे उमटवणारे कारागीर आहेत. राजमान्यतेचा सोहळा, पण चित्र कामाचे!

आपल्याकडे जमशेटजी टाटांची नागपूरची मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून मिलचे नाव ‘एम्प्रेस’. मिलच्या ताग्यांच्या टोकाला शिक्का असे, वर रंगीत तिकीट असे. तिकिटांवर देवदेवता, राजेरजवाडे दिसत. मागावर उभा राहणारा माणूस क्वचितच. याच एम्प्रेसमध्ये 1883 च्या सुमारास सूत कातणाऱ्या रिंग चात्यांचा प्रयोग झाला, 1901 मध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी आला. चित्राला विषयांची वाण नव्हती. आज मिलच्या जागेवर मॉल उभा आहे.

म्हणून एक विनंती. पुढच्या संमेलनात पाहुण्यांना बाजारातली शाल नको. आपल्या भागातल्या सुती दुपट्ट्यावर कापूस वेचणारी बाई, जिनिंगचा कामगार, रिंग फ्रेमवरचा कामगार आणि खाणीतला मजूर छापू या. छापण्याआधी ते चित्र मिलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसापुढे ठेवा. धागा कुठे चुकला, हे सांगणारी माणसे अजून नागपुरात आहेत. ती आहेत तोवर हे काम करा.