वारांगरला जायचं कधी?

नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, बॅरेंट्स समुद्राच्या काठी वारांगर नावाचं द्वीपकल्प आहे. तिथलं वार्डो हे बंदर ७० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, आणि इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला. उत्तरेचे समुद्रपक्षी आणि तायगाच्या सूचिपर्णी जंगलातले पक्षी एकाच फेरीत पाहायचे असतील, तर पक्षिवेड्यांची पावलं इकडे वळतात.

मात्र विमानाच्या तिकिटाआधी महिना ठरवावा लागतो.

उबदार सागरी प्रवाहामुळे हा किनारा ऐन हिवाळ्यातही गोठत नाही. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये वाडसोच्या बंदरात स्टेलर्स आयडर ही बदकं असतात. पांढरं डोकं, मागे हिरवट झुपका, तांबूस छातीच्या कडेला काळा ठिपका असा देखणा नर धक्क्यापाशी बुड्या मारताना दिसतो. उन्हाळा लागला, की बहुतेक बदकं वीण घालायला सैबेरियाकडे निघून जातात.

जूनचा थाट वेगळा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य मावळत नाही. वार्डोहून बोटीनं दहा मिनिटांत होर्नोया बेट येतं. कड्याच्या अरुंद कपारींवर गिलेमॉट खेटून उभे, घरटं नाहीच. उघड्या खडकावर एकच अंडं. वरच्या गवताळ उतारावर पफिनची बिळं. टुंड्रातल्या ओलसर जागी रफ भेटतो. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर चिखलात चरणारा साधा तपकिरी पक्षी तो हाच. जूनच्या सुरुवातीला नराच्या गळ्याभोवती पिसांची भरघोस झालर फुललेली असते आणि मादीसाठी नरांच्या झुंजी रंगतात.

जंगलासाठी किर्केनेसच्या दक्षिणेचं पास्विक खोरं गाठावं. तिथला सैबेरियन जे शरदात मिळालेलं खाणं चिकट लाळेनं झाडाच्या सालीखाली डकवून ठेवतो आणि त्यावर हिवाळा काढतो, त्यामुळे तो बाराही महिने तिथेच असतो. हॉक आउल या घुबडाची मात्र खात्री नाही. व्होल उंदीर भरपूर झाले, तरच ते त्या वर्षी टिकतं.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जूनचा पहिला पंधरवडा धरावा. आयडरचाच ध्यास असेल, तर मार्चअखेर आणि अंगभर लोकरी कपडे!

२०२३ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूनं वाडसो परिसरात हजारो किटिवेक हे समुद्रपक्षी मेले. म्हणून निघण्यापूर्वी होर्नोया बेटावर उतरू देतात का, याची चौकशी करावी, बुटांचे तळ धुऊन घ्यावेत आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.