आजीला फोन कधी करायचा?

आजचा भाग छोटा आहे आणि विषय माझ्या घरातला आहे.

माझी आजी शिर्डीत एकटी राहते. मी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या दिवाळीत मी तिच्या घरात वायफाय कॅमेरा बसवला. मोबाईलवर आजी दिसत राहील, काळजी नको, असा माझा हिशोब. सहाव्या दिवशी स्क्रीन काळी. मला वाटलं नेट गेलं. नेट चालू होतं, आजीनं कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता. "मी काय चोर हाय का रे?" एवढंच म्हणाली.

मग मी म्हातारपणावरचं संशोधन वाचायला लागलो. पुण्याहून नगर रस्त्यानं शिर्डीला निघालं की कोरेगाव भीमा लागतं, तिथून जवळच वढू बुद्रुक. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव आपल्याला माहीत असतं. या परिसरातल्या गावांमध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. झोप लागते का, चालायला त्रास होतो का, माणसांशी जमतं का, आयुष्याबद्दल समाधान आहे का, असे प्रश्न. बायकांनी पुरुषांपेक्षा स्वतःची तब्येत वाईट सांगितली, कमी शिकलेल्यांनीही तसंच. पण मला लागलं ते वेगळंच. त्यांनी निदान विचारलं तरी! मी आजीला न विचारताच भिंतीला भोक पाडलं होतं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, रिचर्ड शुल्झ या मानसशास्त्रज्ञाचा, १९७६ सालचा. हा नीट ऐका. एका वृद्धनिवासातले ४० जण, त्यांचे चार गट. कॉलेजची मुलं त्यांना भेटायला जायची. पहिल्या गटातल्या आजी-आजोबांनी स्वतः ठरवायचं, मुलानं कधी यायचं आणि किती वेळ बसायचं. दुसऱ्या गटाला ठरवता येत नव्हतं, पण अमुक वेळेला येणार हे आधी कळायचं. तिसऱ्या गटाकडे मुलं न सांगता उगवायची. चौथ्याकडे कोणीच नाही. पहिले दोन गट तब्येतीनं आणि मनानं बरे राहिले. तिसऱ्या गटाची अवस्था मात्र जवळपास चौथ्यासारखीच! म्हणजे माणूस येऊनही फारसा फरक नाही, कारण तो कधी येणार हेच माहीत नाही.

आता मी फोन कधी करायचो? कॅबमध्ये बसल्यावर, बिल्ड चालू असताना, मीटिंग रद्द झाली तर. म्हणजे आजी तिसऱ्या गटात.

पुढचा भाग जास्त टोचणारा आहे. अभ्यास संपला, मुलं यायची थांबली. नंतरच्या काही वर्षांत शुल्झनं पुन्हा पाहिलं, तर जे दोन गट सुधारले होते तेच जास्त घसरले होते. ४० माणसं म्हणजे काही फार नाहीत, आणि ती आपल्याकडची नव्हेत, हे मान्य. तरी मी घाबरलो. उत्साहात रोजचा फोन सुरू करून महिन्याभरात बंद पाडणारा माणूस मीच आहे, माझं जिमचं कार्ड बघा!

म्हणून या वेळी आधी विचारलं. "आजी, फोन कधी करू?"

तिचा दिवस आरत्यांवर चालतो. काकड आरतीला उठते, दुपारी १२ च्या आरतीनंतर जेवते. म्हणाली, "धूपारती झाली की कर. गुरुवार नको, पालखी असते. आणि रोज नको, रोज तुला जमायचं नाही." सोमवार आणि शनिवार ठरले. आता धूपारती सूर्यास्ताची, त्यामुळे कॅलेंडरमध्ये वर्षभराची एकच वेळ टाकता येईना. शेवटी सूर्यास्त बघून रिमाइंडर लावणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ऑफिसच्या कामात इतकं समाधान मिळत नाही, खरं सांगतो.

गेल्या सोमवारी रिलीज होती, मला अर्धा तास उशीर झाला. आजीनं फोन उचललाच नाही. शनिवारी विचारलं तर म्हणाली, "वाट पाहिली, मग जेवून घेतलं."

कॅमेरा काढून आणलाय. भिंतीतलं भोक बुजवायचं राहिलंय.