कलादालनाचा उंबरठा



ज्या शाळेत मी पाटी-दप्तर घेऊन आलो आणि पुढे चौतीस वर्षे हातात खडू घेऊन उभा राहिलो, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान आज मला मिळत आहे. या व्याख्यानमालेत यापूर्वी मोठमोठे व्यासंगी वक्ते येऊन गेले. त्यांच्या पंक्तीत चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकाला बसविण्यात संस्थेचा लोभ अधिक आणि माझी योग्यता कमी, हे मी जाणून आहे. मात्र गुरुजी स्वतः चित्रकलाच शिकवीत. तेव्हा त्यांच्या विषयाशी निगडित अशा, आणि अलीकडे मला सतत अस्वस्थ करणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलावे, असे मनाशी ठरवून आलो आहे.

हा प्रश्न असा. आपल्या गोव्यात गेल्या काही वर्षांत खासगी प्रतिष्ठानांनी समकालीन कलेची प्रदर्शने आणि सार्वजनिक कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर भरविले आहेत. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर २००९ साली ‘सुनापरान्त’ हे कलाकेंद्र उभे राहिले. फोंतेन्हासला ‘फुंदासांव ओरियेंत’ या पोर्तुगीज प्रतिष्ठानाच्या वास्तूत सांग्यात जन्मलेल्या आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) या थोर चित्रकाराची चित्रे जतन केलेली आहेत. २०१६ च्या डिसेंबरपासून ‘सेरेंडिपिटी’ या प्रतिष्ठानाचा कलामहोत्सव पणजीत भरू लागला. सुनील कांत मुंजाल या उद्योगपतींनी स्थापन केलेल्या या महोत्सवात चित्र, शिल्प, छायाचित्र, नाट्य, संगीत, नृत्य, हस्तकला, इतकेच काय पाककलाही एका छत्राखाली येतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशाला मूल्य नसते. इतके सारे दाराशी आलेले असताना आपण, म्हणजे मराठी शाळांतून शिकलेली, गावोगावी राहणारी माणसे, तिथे किती दिसतो? आणि दिसत नसलो, तर दोष कोणाचा?

याचे उत्तर शोधताना मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती फारशी भूषणावह नाही.

मांडवीच्या काठावरची जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आपणां सर्वांना ठाऊक आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या ‘एस्कोला मेदिका’ची परंपरा सांगणारी ती वास्तू. १९६९ च्या पावसाळ्यात माझे वडील तिथे बावीस दिवस खाटेवर होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. आई आत, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर. वेळ जाता जात नसे, म्हणून वहीच्या मागच्या पानावर मी येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या रेखाटीत असे. वडील बरे होऊन घरी आले आणि ती वही गुरुजींच्या हाती पडली. गणिताच्या वहीत होड्या काढल्या म्हणून ते रागावतील अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळी पाने सावकाश पाहिली आणि एवढेच विचारले, “पाण्याचा रंग रोज एकच होता का रे?” त्या एका प्रश्नाने मला चित्रकलेच्या वाटेवर आणून सोडले.

पुढे रुग्णालय बांबोळीला हलले. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा त्या इमारतीचे रूप पालटले. आणि २०१७ च्या डिसेंबरात मी तिच्यासमोर उभा राहिलो, तो कलामहोत्सवातली प्रदर्शने पाहण्यासाठी. दारात पहारेकरी होता. तरुण मुले-मुली इंग्रजीत बोलत आत-बाहेर करीत होती. मला कोणी अडविले नाही, कोणी वाकड्या नजरेने पाहिलेही नाही. तरीही मी आत गेलो नाही. चौतीस वर्षे चित्रकला शिकविलेला माणूस दहा मिनिटे रस्त्यावर घुटमळला आणि बस पकडून घरी परतला! आत जे असेल ते आपल्याला कळणार नाही, आणि कळत नाही हे चारचौघांत उघडे पडेल, ही ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. इमारतीच्या मागच्या अंगाला सुतारकाम करणाऱ्या एकाने हाक मारली, “सर, या ना आत!” तो माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याच्या वडिलांची गणपतीची चित्रशाळा होती. एलिमेंट्रीच्या परीक्षेत तो वस्तुचित्रात नापास झाला, तेव्हा मी त्याला सर्व वर्गादेखत म्हणालो होतो, “चित्रकला तुझ्या नशिबात नाही.” आता तो प्रदर्शनांची मांडणी करणाऱ्या चमूत काम करीत होता. कोणती कलाकृती किती उंचीवर टांगावी, तिच्यावर उजेड कुठून पाडावा, हे तो चित्रकारांशी बरोबरीने बोलत होता. त्याने मला दालनादालनांतून हिंडविले. ज्या व्हरांड्यात मी होड्या काढल्या, तिथेही आम्ही गेलो. मला सगळे कळले असे मी म्हणणार नाही; पण मागे केव्हातरी बोललेल्या त्या वाक्याबद्दल त्याची क्षमा मात्र मी तिथेच मागितली. तो हसला आणि म्हणाला, “सर, मला ते आठवतसुद्धा नाही.” मला आठवत होते.

मित्रहो, या प्रसंगाने मला पहिली गोष्ट शिकविली, ती अशी की दारावर ‘विनामूल्य प्रवेश’ अशी पाटी लावल्याने दार उघडते, उंबरठा मात्र तसाच राहतो. पुढे एकदा असेच एक प्रदर्शन पाहायला गेलो असता आमच्या गावची एक ओळखीची बाई मुलीला घेऊन बाहेर उभी होती. तिने मला विचारले, “सर, भितर वचपाक पयशे पडटात?” पैसे पडत नाहीत म्हटल्यावरही ती आत आली नाही. “मागीर येता,” म्हणाली आणि निघून गेली.

आता कोणी म्हणेल, आधुनिक कला सामान्यांसाठी नसतेच. मला हे मान्य नाही. गणेशचतुर्थीच्या आधी महिनाभर आपली मुले चित्रशाळेत जाऊन बसतात, मूर्तीचे डोळे उघडताना श्वास रोखून पाहतात. तिथे कोणाला संकोच वाटतो? देवापुढे आपण माटोळी बांधतो. रानातली फळे, कंद, वेली, औषधी वनस्पती लाकडी चौकटीला टांगून जी रचना सिद्ध होते, ती पाहिली की आजचे कलावंत ज्याला मांडणशिल्प म्हणतात, त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री जागून उभारलेला नरकासुर पहाटे जाळायचा असतो; कलाकृती टिकलीच पाहिजे असे नाही, हे आपल्या पोरांना त्याहून चांगले कोण शिकवील? आपला समाज पाहायला शिकलेला आहे. त्या पाहण्याचे नाते नव्या दालनाशी जोडून देणारे कोणी नाही, एवढेच.

कलेला धनिकांचा आश्रय ही नवी गोष्ट नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चित्रे करवून घेतली आणि प्रजेसाठी संग्रहालयही बांधले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपला संग्रह टेकडीवरच्या संग्रहालयात सर्वांसाठी मांडला. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले, आणि तिथे किती मराठी व गोमंतकीय चित्रकारांनी आपले पहिले पाऊल टाकले! दक्षिणेला कोचीत एका प्रतिष्ठानाने १२ डिसेंबर २०१२ रोजी पहिले बिएन्नाले भरविले; त्याला केरळ सरकारचे साहाय्य होते आणि जुनी गोदामे, वखारी यांत जगभरचे कलावंत आले. त्याच बिएन्नालेच्या २०२५ च्या सहाव्या पर्वाची धुरा गोव्यात काम करणाऱ्या निखिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सोपविण्यात आली, ही आपल्यालाही अभिमानाची गोष्ट आहे.

प्रतिष्ठानांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जे विकले जाणार नाही असे काम करायला तरुण कलावंताला त्यांनी पैसा आणि जागा दिली. बंद पडलेल्या वास्तूंची कवाडे उघडली. २००० साली विधानसभा पर्वरीला गेल्यावर आदिलशाही राजवाड्याच्या ज्या दालनांत सामान्य माणसाला कारणाशिवाय जाता येत नव्हते, तिथे कलाकृती पाहत हिंडता येऊ लागले. माझ्या त्या विद्यार्थ्यासारख्या कित्येक कारागिरांच्या हाताला नवे काम मिळाले.

तथापि, ऋण मानणे म्हणजे विचार करणे सोडून देणे नव्हे. महोत्सव आठ-दहा दिवसांचा. उरलेल्या वर्षाचे काय? प्रतिष्ठान कोणती कला निवडते, हे त्याच्या आवडीवर असते आणि त्याबद्दल ते कोणाला उत्तर देण्यास बांधलेले नसते. उद्या त्याचे मन वा धन दुसरीकडे वळले तर आपण काय करणार? इमारती सार्वजनिक आहेत, म्हणून त्यांत काय घडते याविषयी प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. आणि कायमचे कलासंग्रहालय सांभाळण्याचे शासनाचे कर्तव्य कोणाच्याही औदार्याने संपत नाही.

भाषेचेही तसेच. एका प्रदर्शनात प्रत्येक कलाकृतीशेजारचा मजकूर केवळ इंग्रजीत होता, आणि तोही असा की पदवीधरालाही दोनदा वाचावा लागावा. मी आयोजकांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तेव्हा आमच्या शाळेतली सातवीची वीस मुले घेऊन मी तिथे गेलो. मुलांना तीनच प्रश्न दिले: काय दिसते? ते कशाचे केले आहे? ते इथेच का ठेवले असावे? मुलांनी मराठीत आणि कोंकणीत टिपणे लिहिली. जुन्या मच्छरदाण्यांच्या एका रचनेपुढे एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि तिने लिहिले, “आत कोणीतरी आजारी आहे आणि आपण बाहेर आहोत.” मी बाकावरचा तो बारा वर्षांचा मुलगा पुन्हा झालो. भिंतीवरच्या इंग्रजी मजकुरातून मला जे उमगले नव्हते, ते त्या पोरीने एका वाक्यात सांगितले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की उंबरठा ओलांडविण्याचे काम शाळेचे आहे. कोणतेही प्रतिष्ठान ते परस्पर करू शकणार नाही. चित्रकलेचा तास परीक्षेच्या तयारीला उसना देण्याची प्रथा आपण थांबविली पाहिजे. मी स्वतः वर्षानुवर्षे वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची घोकंपट्टी करून घेतली. निकाल उत्तम लागले, पण किती मुले पुढे एखाद्या चित्रापुढे थांबली, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

माजी विद्यार्थ्यांपुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवून थांबतो. शाळेच्या जिन्याशेजारची लांब भिंत मोकळी आहे. ती आपण चित्रांसाठी राखून ठेवावी. दर महिन्याला त्या भिंतीवर एका कलावंताचे वा विद्यार्थ्याचे काम लागावे, शेजारी मुलांनीच लिहिलेली टिपणे असावीत, आणि गावातल्या लोकांना ती पाहायला बोलवावे. चुना, दोन दिवे आणि थोडा वेळ, एवढाच खर्च. ती बाई आणि तिची मुलगी या भिंतीपाशी आधी आली, तर पणजीच्या दालनातही कधीतरी जातील. पहिल्या महिन्यासाठी माझ्या त्या सुतार विद्यार्थ्याला मी विचारले आहे. दिवे कुठे लावायचे ते पाहायला येत्या रविवारी तो येणार आहे.

गुरुजींनी मला पाण्याच्या रंगाविषयी विचारले होते. त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नव्हते. रंग रोज निराळा होता, गुरुजी.