चावडीवरून आलेला कागद



आज माझ्या घरची एक गोष्ट सांगतो.

आमची जमीन चुलत्यांबरोबर सामाईक होती. चुलत्यांनी आपल्या वाट्यातली २० गुंठे जमीन विकली. खरेदीखत रीतसर झाले. पुढे तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झाली. तेथे चूक झाली. २० च्या जागी ४० गुंठे लिहिले गेले. म्हणजे आमचीही अर्धा एकर जमीन कागदावरून जाणार!

नोंद पक्की होण्याआधी घरी नोटीस आली. वडिलांना वाचता येत नव्हते. ते आईला म्हणाले, "सरकारी कागद हाय, जपून ठेव." आईने तो वाशात खोचून ठेवला. आम्ही कुणाला विचारलेसुद्धा नाही.

१५ दिवस गेले. हरकत आली नाही, म्हणून नोंद मंजूर झाली.

पेरणीच्या वेळी वडील सोसायटीत कर्ज मागायला गेले. उतारा पाहून सेक्रेटरी म्हणाले, "बाबा, तुमची जमीन कमी दिसते." तेव्हा वडिलांना वाशातला कागद आठवला!

मग प्रांतांकडे अपील करावे लागले. अपिलाचे ६० दिवसही उलटले होते. उशीर का झाला, ते पटवून द्यावे लागले. खेपा झाल्या, पैसा गेला. चूक दुरुस्त झाली, पण दोन हंगाम कर्ज कमी मिळाले.

मंडळी, तो कागद भिण्यासाठी नव्हता. नुसता जपून ठेवण्यासाठीही नव्हता. तो विचारत होता, "तुमच्या खात्यात हा बदल करायचा आहे. तुमची काही हरकत आहे का?" आम्ही उत्तरच दिले नाही.

जमीन महसूल कायदा १९६६ चा आहे. त्याच्या १५० व्या कलमाप्रमाणे ही नोटीस येते. ती आली तर काय करावे?

सही करण्याआधी कागद वाचा. नोटीस मिळाल्याची सही म्हणजे संमती नव्हे. पण संमती लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

मिळाल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा. तेथून १५ दिवस मोजा.

गट नंबर, नावे, क्षेत्र आणि बदलाचे कारण पाहा. सात-बारा आणि आठ-अ च्या उताऱ्यांशी ताडून पाहा.

सगळे बरोबर असेल तर हरकत घेऊ नका. चूक असेल तर अर्ज द्या. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज असा लिहावा :

"मा. ग्राम महसूल अधिकारी यांस,
फेरफार क्रमांक अमुक, याची नोटीस मला अमुक तारखेस मिळाली. नोंदीत ४० गुंठे लिहिले आहेत. खरेदीखतात २० गुंठे आहेत. म्हणून या नोंदीस माझी हरकत आहे. खरेदीखताची नक्कल सोबत जोडली आहे."

खाली तारीख घाला, सही करा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. हरकत वादाच्या वहीत लिहिली जाते. मग वरचे अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निकाल देतात.

मी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकलो. तेव्हा वाशातला तो कागद काढून वाचला. थोड्याच ओळी होत्या. त्या वेळी घरात एक जरी वाचणारा असता, तर एका अर्जात काम झाले असते.

आता तुमच्या घरात वाचणारे तुम्ही आहात. कागद आला, तर त्याच दिवशी वाचा.