देहदंड आणि प्राणघातक इंजेक्शन
(एका व्याख्यानाचा सारांश)



देहदंड असावा की नसावा, हा वाद जुना आहे. त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो : तो द्यावयाचा झाल्यास कोणत्या पद्धतीने द्यावा? गिलोटिन, विजेची खुर्ची आणि विषारी वायूची कोठडी या तिन्ही पद्धती आपापल्या काळी अधिक दयेच्या म्हणूनच पुढे आल्या. प्राणघातक इंजेक्शन हे त्याच मालिकेतील पुढचे पाऊल होय.

ही कल्पना तशी नवी नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १८८६ साली नेमलेल्या आयोगाने तिचा विचार केला होता. परंतु सुईचा संबंध मृत्यूशी जोडला गेल्यास रुग्ण तिला भितील, असा आक्षेप वैद्यकीय व्यावसायिकांकडून आला व विजेच्या खुर्चीची निवड झाली. पुढे १९७७ साली ओक्लाहोमा राज्याने इंजेक्शनाचा कायदा केला. तीन औषधांचा क्रम तेथील वैद्यकीय परीक्षक डॉ. जे चॅपमन यांनी सुचविला. टेक्सास राज्याने त्याच वर्षी हा मार्ग स्वीकारला आणि ७ डिसेंबर १९८२ रोजी हंट्सव्हिल येथे या पद्धतीने पहिला देहदंड अमलात आला.

या तीन औषधांचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. पहिले, सोडियम थायोपेंटल, भूल आणते. दुसरे, पॅन्क्युरोनियम ब्रोमाइड, सर्व स्नायू लुळे पाडते व श्वास थांबविते. तिसरे, पोटॅशियम क्लोराइड, हृदय बंद पाडते. भूल पूर्ण चढली तर कैद्याला काही जाणवत नाही. ती अपुरी राहिली, तर गुदमरण्याची व्यथा आणि शिरांतील आग त्याला सोसावी लागते. मात्र स्नायू लुळे असल्यामुळे तो हालू वा ओरडू शकत नाही. पाहणाऱ्यास दिसणारी शांतता ही मरणाऱ्याचीही शांतता असेलच, असे यास्तव म्हणता येत नाही.

शिवाय शीर अचूक सापडणे हे कौशल्याचे काम आहे आणि अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेची आचारसंहिता डॉक्टरांना देहदंडात भाग घेण्यास मनाई करते. २०१४ साली ओक्लाहोमात सुई शिरेत नीट न बसल्याने औषध आसपासच्या मांसात झिरपले आणि कैद्याचा मृत्यू होण्यास ४३ मिनिटे लागली. सुईची जागा कापडाने झाकलेली असल्यामुळे हा बिघाड वेळीच कोणाच्या लक्षात आला नव्हता.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तीन औषधांची पद्धत घटनासंमत ठरविली. तथापि आपली औषधे या कामी वापरली जाऊ नयेत, अशी भूमिका अनेक उत्पादकांनी घेतली. २०११ साली थायोपेंटलचे अमेरिकेतील उत्पादन बंद झाले आणि युरोपीय संघाने निर्यातीवर निर्बंध घातले. राज्ये निरनिराळी औषधे वापरू लागली; आणि जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा राज्याने नायट्रोजन वायूचा अवलंब केला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली देहदंड केवळ विरळातील विरळ प्रकरणी द्यावा, असा दंडक घालून दिला व १९८३ साली फाशीची पद्धत वैध ठरविली. विधि आयोगाने २००३ साली आपल्या १८७ व्या अहवालात इंजेक्शनाचा पर्याय उपलब्ध करावा, अशी शिफारस केली. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही फाशीच कायम ठेवली आहे.

शाळेत वा ग्रामसभेत या विषयाची चर्चा निघेल तेव्हा दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये. साधन बदलल्याने शिक्षा योग्य की अयोग्य, याचा निर्णय होत नाही. आणि साधनाची परीक्षा करावयाची, तर ती पाहणाऱ्याच्या समाधानावरून न करता, ज्याच्यावर ते वापरले जाते त्याच्या यातनेवरून केली पाहिजे. शिक्षा शासन जनतेच्या नावाने देते. म्हणूनच तिचे स्वरूप जाणून घेणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरते.