मुले काय खातात आणि का खातात
(भवानी पेठ, सोलापूर येथे ग्रामीण प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आहारावरील धडा आपण सर्वजण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे ही नावे मुले पाठ करतात, आणि त्याबद्दल त्यांना गुणही मिळतात. परंतु धडा संपून मधली सुट्टी झाली की तेच मूल समोरच्या टपरीवर पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी घेते. यावरून मुलाला समजले नाही असा निष्कर्ष आपण काढतो व तोच धडा पुन्हा शिकवितो. मला वाटते, येथेच आपली गफलत होते. माणूस अज्ञानामुळे अमुक खातो हे थोडेसेच खरे आहे. बहुतेक वेळी त्याच्या खाण्याला कारणे असतात, आणि ती कारणे त्याच्या परिस्थितीत पाहिली तर पुष्कळशी रास्तही असतात.

ज्या शहरात आपण आज जमलो आहोत तेथूनच आरंभ करू. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. अशा बाईच्या दृष्टीने चुलीपुढे गेलेला प्रत्येक अर्धा तास ही मजुरीतील तूट होय. भाकरीचे काम तर वेळखाऊ. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडवट होते, त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण थोडे थोडे व वारंवार आणावे लागते. पुढे आधण, मळणे, एकेक भाकरी थापणे. तिने सकाळी मुलापुढे चहा आणि खारी ठेवली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ती अडाणी नाही, हिशेबी आहे. आपल्या खेड्यांतील खुरपणीला जाणाऱ्या मातेचीही हीच गोष्ट आहे. फक्त विडीच्या जागी तेथे रोजगार असतो.

दुसरे कारण किमतीचे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळते. तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. कायद्यात भरड धान्यही आहे, परंतु दुकानातून घरी येतो तो मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. शाळू मात्र बाजारातून विकत घ्यावा लागतो. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यातील गरिबाला आपली ज्वारी महाग पडावी, हा काळाचा उलटा न्याय म्हणावयाचा! आमच्या आजोबांच्या पिढीत चपाती सणावाराला व पाहुण्याला होत असे. आता ती रोजची झाली, पण तिच्याविषयीचा जुना आदर मात्र अजून मनातून गेलेला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. भाकरी चांगली आणि चपाती वाईट, असा प्रचार आपण करू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम ज्वारीत व तितक्याच गव्हाच्या पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम लोह आढळते. सडलेल्या तांदळात मात्र एक मिलिग्रॅमही नाही. तेव्हा झगडा भाकरी-चपातीचा नव्हे. भाकरीबरोबर येणारे वरण, पालेभाजी, शेंगाचटणी हा लवाजमा ताटातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी चहा आला, ही खरी हानी आहे. चहा जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सदुसष्ट रक्तक्षयी आढळली. हीच बालके आज आपल्या वर्गात येत आहेत. दुपारी पेंगणारे मूल आळशीच असते असे नाही.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे, आणि शाळेचा संबंध सर्वांत अधिक याच्याशी आहे. डब्यात भाकरी असलेले मूल झाकण अर्धेच उघडून खाते, हे आपण पाहिले असेल. गंमत अशी की सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुड्यांत भरून पुण्यामुंबईच्या दुकानांत जाते व तेथील लोक ती कौतुकाने विकत घेतात. पदार्थ तोच, एके ठिकाणी लाज, दुसरीकडे कौतुक. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळाला, तोही ज्वारीच्याच जातीचा. लोकांनी पोटासाठी खाल्ला, पण त्याला आपला म्हटले नाही. जिभेला केवळ चव कळत नाही. कोणी दिले, कशा रीतीने दिले, हेही कळते.

मग उपाय कोणता? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा पडला, तेव्हा लोकांनी काळीज, मूत्रपिंड यांसारखे टाकाऊ मानलेले भाग खावेत अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. काहींत गृहिणींनी आपसांत अडचणींची चर्चा करून स्वतः निर्णय घेतला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनीच ते पदार्थ केले होते, चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी. (मी स्वतः या क्षणी व्याख्यानच देत आहे, हे मी जाणून आहे.) तेथीलच लिअन बर्च या विदुषीने १९८० मध्ये दाखविले की, नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या सोबत्यांत एखाद्या बालकास काही दिवस बसविले तर त्याची आवड पालटू लागते. आपल्याकडे तर त्यासाठी शालेय पोषण आहाराची पंगत रोजच बसते. त्या पंगतीत गुरुजी व बाई बसून तेच अन्न खातात की कार्यालयात वेगळा डबा उघडतात, याकडे मुलांचे बारीक लक्ष असते.

डबे तपासून वर्गापुढे दाखविण्याची प्रथा काही शाळांत आहे. ती कृपा करून बंद करावी. डबा उघडला की घराची ऐपत, जात, धर्म, मांसाहार-शाकाहार सारे उघडे पडते, आणि ते लहान जीवाला सोसत नाही.

पुढील माता-पालक सभेत भाषण ठेवू नये. मातांना गोलाकार बसवावे आणि एवढेच विचारावे, की सकाळी घाईच्या वेळी काय करणे जमते व काय जमत नाही. कोणी मूठभर शेंगदाणे-गूळ सुचवील, कोणी रात्रीच्या भाकरीचा कुस्करा सांगेल, कोणी म्हणेल की जेवणानंतर तासाभराने चहा देता येईल. त्यांनी ठरविलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत वहीत नोंदवावी, महिन्याने पुन्हा विचारावे, आणि ती वही केंद्रप्रमुखांकडे न पाठविता शाळेतच ठेवावी.